उरलेले पाच चित्रपट

बालगंधर्व आणि प्रभात फिल्म कंपनी यांच्यात सहा चित्रपटांचा करार झाला होता. त्यांतला एकच निघाला, १९३५ सालचा ‘धर्मात्मा’. तो झाला आणि करार मोडला. उरलेले पाच कागदावरच राहिले. ते कोणत्या विषयांवर निघाले असते, कसे झाले असते, याचा आता नुसता तर्क करायचा. झालेल्या गोष्टींचा इतिहास आपण हौसेनं लिहितो. न झालेल्या गोष्टींची मात्र एका ओळीत बोळवण करतो.

ती एक ओळही ठरलेली आहे. बालगंधर्वांना पडदा मानवला नाही, ते रंगभूमीवर परत गेले. ओळ खोटी नाही, पण तिच्यात नट आणि कंपनी असे दोनच पक्ष आहेत. मला या प्रकरणात तिसरा पक्षही दिसतो. करारावर त्याची सही नव्हती. तो तिकीट काढून बसत होता, आणि पुण्यापुरतं बोलायचं तर त्याच्या बसण्याच्या बऱ्याच जागा बुधवार पेठेत नाहीतर तिच्या कडेला होत्या.

आज बुधवार पेठ म्हटलं की अप्पा बळवंत चौकातली पुस्तकं, पासोड्या विठोबापाशी विजेचं सामान, दगडूशेठ गणपतीपुढची रांग आठवते, आणि बाहेरगावच्या माणसाच्या चेहऱ्यावर एक ओळखीचं हसू येतं, ते वेगळंच. पण या पेठेचा नाटकाशी असलेला संबंध या सगळ्याहून कमी महत्त्वाचा नाही. १८७९च्या मे महिन्यात इथला दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा आगीत गेला. पेशवाईची ती खूण जळाल्याला जेमतेम दीड वर्ष होत होतं, तेव्हा याच पेठेत मराठी संगीत नाटक जन्माला आलं.

रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्करांनी पारशी मंडळींचं गाण्यांनी भरलेलं नाटक पाहिलं आणि असं मराठीत का होऊ नये, हे त्यांच्या मनानं घेतलं. कालिदासाचं ‘शाकुंतल’ त्यांनी मराठीत आणायला घेतलं. १८८०च्या दसऱ्याला बुधवार पेठेतल्या तांबेकर वाड्यात मुहूर्त झाला आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, रविवारी, आनंदोद्भव नाट्यगृहात पहिला प्रयोग लागला. दुष्यंत मोरोबा वाघोलीकर, त्यांच्या जोडीला बाळकोबा नाटेकर, आणि सूत्रधार म्हणून स्वतः अण्णासाहेब. ती रात्र मराठी रंगभूमीच्या इतिहासात सोन्याच्या अक्षरांत लिहिली गेली आहे. मात्र त्या रात्री प्रेक्षकांनी अख्खं नाटक पाहिलं नाही, हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. सात अंकांपैकी चारच झाले. पुढचे अंक व्हायचे होते.

अण्णासाहेबांची ती रीतच झाली. ‘सौभद्र’ १८८२च्या नोव्हेंबरात पूर्णानंद नाट्यगृहात आलं तेही तीन अंकांचं. पाच अंक पुरे व्हायला १८८३ साल उजाडलं. पहिले अंक बसवायचे, लोकांपुढे ठेवायचे, मग पुढचे लिहायचे. आजच्या निर्मात्याला हे ऐकून घाम फुटेल. पुणेकर प्रेक्षक, जो मुळात कुणावर विश्वास ठेवण्याबद्दल प्रसिद्ध नाही, त्यानं अण्णासाहेबांवर मात्र ठेवला. शकुंतलेची अंगठी सापडायची राहिली होती, सुभद्रेचं लग्न लागायचं राहिलं होतं, तरी लोक घरी गेले आणि पुढच्या वेळी परत आले. बाकीचे अंक येतील याची त्यांना खात्री होती, आणि दोन्ही वेळा ते आलेही.

तिसऱ्या वेळी आले नाहीत. ‘रामराज्यवियोग’चे तीन अंक १८८४ साली रंगभूमीवर आले. २ नोव्हेंबर १८८५ रोजी गुर्लहोसूर या आपल्या गावी अण्णासाहेब वारले. वय अवघं बेचाळीस. नाटक तिथंच थांबलं. यातली थट्टा अशी की नाटकाचा विषयच मुळी रद्द झालेल्या समारंभाचा. रामाच्या राज्याभिषेकाची तयारी झालेली, अयोध्या सजलेली, आणि मंथरेच्या एका कानगोष्टीनं सगळं फिरतं. ठरलेला सोहळा हातातोंडाशी येऊन हुकला म्हणजे माणसं काय करतात, हे सांगणारं नाटक, आणि त्याचाच शेवट लेखकाबरोबर गेला.

बडोद्याहून आलेल्या भाऊराव कोल्हटकरांनी त्यात मंथरा केली. ज्या भाऊरावांची शकुंतला आणि सुभद्रा पाहायला गर्दी लोटायची, त्यांची ही कुबडी दासीही प्रेक्षकांनी तितकीच डोक्यावर घेतली. नाटक अपुरं होतं हे सर्वांना ठाऊक होतं, आणि ते अपुरंच गाजत राहिलं. मला हे फार सूचक वाटतं. त्या पिढीच्या रसिकाला गोष्टीचा शेवट नाटककाराकडून मिळायची गरज नव्हती. रामाचं पुढं काय झालं हे त्याला घरातल्या पोथीनं आधीच सांगितलेलं होतं. त्याला हवा होता नट. नट समोर उभा आहे, गातो आहे, तोवर चौथा अंक लिहिला गेला की नाही, हा प्रश्न दुय्यम.

ही आवड पुढच्या पन्नास वर्षांत फळालाही आली आणि अंगलटही आली.

भाऊराव १९०१ साली गेले. चार वर्षांनी, १९०५ साली, नारायण श्रीपाद राजहंस नावाचा सतरा वर्षांचा मुलगा, म्हणजेच बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. त्यापुढची कथा इतक्यांनी इतक्यांदा सांगितली आहे की मी ती भरभर सांगतो. शकुंतला, मग ‘मानापमान’मधली भामिनी; १९१३ साली गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह बाहेर पडून काढलेली गंधर्व नाटक मंडळी; रुक्मिणी, सिंधू. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. अस्सल जरीचे शालू, अत्तरं, खरे दागिने. बायकांनी त्यांचं पाहून नेसणं बदललं, पदर घेण्याची ढब बदलली. बोलताना समोरच्याला ‘देवा’ म्हणायचे आणि प्रेक्षकांना ‘मायबाप’. दोन्ही मनापासून.

किर्लोस्कर मंडळीनं पुण्यात आपलं स्वतःचं नाट्यगृह उभारलं होतं, तेही बुधवार पेठेतच. आज त्याला वसंत टॉकीज म्हणून ओळखतात. नाटकाच्या जागेत सिनेमा शिरला त्याची ही पुण्यातली सर्वांत बोलकी खूण. पण शिरकाव त्याआधीच झाला होता. १९१५ साली गंगाधर नथुजी तथा बापूसाहेब पाठकांनी मंडईजवळ ‘आर्यन’ सुरू केलं, ते पुण्यातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह. म्हणजे गंधर्व नाटक मंडळी दोन वर्षांची असतानाच तिचा प्रतिस्पर्धी शेजारी येऊन बसला होता. तो मुका होता, म्हणून कुणाला त्याचं भय वाटलं नाही. सिनेमाला गाता येत नाही, हीच तर संगीत नाटकाची तटबंदी होती.

१९३१ साली ‘आलम आरा’ बोलला आणि गायलाही. १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात राजा हरिश्चंद्र झाले गोविंदराव टेंबे, बालगंधर्वांचे एके काळचे भागीदार. आणि तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. या दुसऱ्या नावानं जो फरक पडला तो पुढच्या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. चांगल्या घरातली, शिकलेली, देखणी बाई पडद्यावर बाईचं काम करताना लोकांनी पाहिली. पुढच्याच वर्षी, १ जुलै १९३३ रोजी, मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनं ‘आंधळ्यांची शाळा’ केलं, त्यातही स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रियाच होत्या. स्त्रीपार्टी नट ही संस्थाच आता म्हातारी दिसू लागली.

बालगंधर्व तेव्हा पंचेचाळीस ओलांडलेले. भागीदार केव्हाच बाजूला झालेले, मंडळीच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर, आणि खर्चाला हात आखडता घेणं हे त्यांच्या स्वभावात नव्हतं. १९३४च्या अखेरीस गंधर्व नाटक मंडळी बंद झाली.

त्याच १९३४ साली अप्पा बळवंत चौकात प्रभात चित्रपटगृह सुरू झालं. जागा इंदूरच्या सरदार किबे घराण्याची. साहित्याशी संबंध असलेलं हे घराणं. त्यातले माधवराव किबे १९२६च्या मुंबईच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. किब्यांनी वास्तू दिली, प्रभातनं ती भाडेकरारानं घेतली आणि नाव लावलं. कोल्हापुरात १९२९ साली शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी या पाच जणांनी काढलेली कंपनी १९३३ साली पुण्यात आली होती. एरंडवण्याच्या माळावर तिचा स्टुडिओ उभा राहिला, आणि शहराच्या पोटात तिचं घर झालं ते हे, बुधवार पेठेत. जुन्या किर्लोस्कर नाट्यगृहातून निघून जोगेश्वरीवरून चालत आलं तर प्रभातला पोचायला काही मिनिटं पुरत. नाटकाचा प्रेक्षक सिनेमाला गेला असं आपण म्हणतो, तेव्हा पुण्यापुरता तो एवढाच चालत गेला.

अशा वेळी प्रभातनं बालगंधर्वांशी करार केला. आता कल्पना करावी. महाराष्ट्रातला सर्वांत लाडका गायक नट आणि महाराष्ट्रातली सर्वांत कर्तबगार चित्रसंस्था. एकाला कर्जातून बाहेर यायचं आहे, दुसरीला गंधर्वांच्या गळ्यासाठी जीव टाकणारी हजारो माणसं आपल्या चित्रपटगृहांत हवी आहेत. सहा चित्रपट. यात तोटा कुणाचा होणार?

पहिला विषय निवडला संत एकनाथांचा. पटकथा के. नारायण काळ्यांची, म्हणजे ‘नाट्यमन्वंतर’ काढणाऱ्यांतलेच एक जण बालगंधर्वांच्या नव्या जन्माचे लेखक झाले, हा योगायोग मजेशीर आहे. दिग्दर्शन शांतारामबापूंचं. संगीत मास्तर कृष्णरावांचं, जे गंधर्व मंडळीतच घडलेले, बालगंधर्वांच्या गळ्याची नस ओळखणारे. चित्रपटाचं नाव आधी ‘महात्मा’ होतं. अस्पृश्याच्या घरी जेवणारा संत, आणि वर हे नाव. त्यातून गांधीजी डोकावतात हे न कळण्याइतकं सेन्सॉर भोळं नव्हतं. हरकत आली, आणि ‘महात्मा’चा ‘धर्मात्मा’ झाला. लहानग्या वासंतीनं केलेली मुलगी एकनाथांना आपल्या घरी जेवायला बोलावते, तो भाग आजही पाहावा असा आहे. प्रभातची सगळी धिटाई त्या मुलीच्या निमंत्रणात आहे.

पण एकनाथांच्या वेषात बालगंधर्व होते. डोक्यावर पागोटं, अंगात अंगरखा.

रसिकांना ते रुचलं नाही. हे वाक्य सगळीकडे सापडतं आणि ते सोपं वाटतं, पण क्षणभर थांबून पाहावं. तीस वर्षं ज्या माणसाला त्यांनी शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून पाहिलं होतं, तो पुरुष आहे हे काय त्यांना माहीत नव्हतं? पुरतं माहीत होतं. नाटकाआधी रस्त्यानं जाताना, एखाद्याच्या घरी बैठकीला बसलेले असताना, कोट-टोपीतले बालगंधर्व पुष्कळांनी पाहिले होते. तरीही रंगमंचावर ती बाई खरी होती. हा प्रेक्षक आणि नट यांच्यातला फार जुना, कुठंही न लिहिलेला करार होता, आणि ‘धर्मात्मा’नं तो मोडला. प्रभातशी झालेला करार मोडायच्या आधी हा मोडला होता.

दुसरी अडचण गाण्याची. नाटकात पद सुरू झालं की ते कधी संपेल हे गायक आणि श्रोते मिळून ठरवत. ‘वन्समोअर’ आला की पुन्हा, आणखी आला की आणखी. एका पदाला पंधरा मिनिटं लागली तरी कुणी घड्याळ बघत नसे. दर वेळी पद निराळं व्हायचं. कालची जागा आज नाही, आजची उद्या नाही, आणि त्यासाठीच तर माणसं तेच नाटक पुन्हा पुन्हा पाहायला यायची. चित्रपटात गाणं काही मिनिटांत आटोपायचं. ध्वनिग्राहकापुढं एकदा जे म्हटलं ते कायमचं. आणि चित्रपटगृहात कुणी कितीही कळवळून ‘वन्समोअर’ ओरडलं तरी यंत्र पुढच्या प्रसंगाकडं निघून गेलेलं असे. मायबाप म्हणून ज्यांच्यापुढं आयुष्यभर वाकले ते मायबाप स्टुडिओत नव्हतेच. समोर होता कॅमेरा आणि प्रखर दिवे. दाद कुणाची घ्यायची?

कंपनीचं चुकलं का? माझ्या मते नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या पुरुषाला जवळून घेतलेल्या दृश्यात तरुण नायिका म्हणून दाखवणं १९३५ साली हास्यास्पद ठरलं असतं. तिथं दुर्गाबाई होत्या, शांता आपटे होत्या. शांतारामबापूंना तंत्र कळत होतं. बाराव्या रांगेतून तेलाच्या नाहीतर गॅसच्या उजेडात जे दिसतं आणि वीस फुटी चेहऱ्यावर जे दिसतं त्यांतला फरक त्यांना उमगला होता. त्यांनी बालगंधर्वांना जी वाट दाखवली तीच एक वाट होती. रसिकांनी मात्र ती अडवली. अडवणारेही तेच होते जे बालगंधर्वांवर सर्वांत जास्त प्रेम करत होते.

याचा पुरावा हवा असेल तर तो वर्षभरातच प्रभातनंच दिला. १९३६च्या डिसेंबरात दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि सत्तावन्न आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली. त्यात तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस कोण होते? तेही एके काळी नाटकात स्त्रीभूमिका करणारेच. त्यांच्या हालचालींतला तो नाजूकपणा पाहून कंपनीत त्यांच्या निवडीबद्दल कुरकुर झाली होती. पण पडद्यावर ते आले आणि लोकांनी त्यांना तुकोबाच मानलं. पागनीसांचा चेहरा म्हणजेच तुकारामाचा चेहरा असं महाराष्ट्रातल्या कित्येक घरांनी ठरवून टाकलं.

तोच स्टुडिओ, तसाच संतपट, तसाच स्त्रीपार्टी म्हणून घडलेला नट, तसाच गाता गळा. फरक इतकाच की पागनीसांच्या मागं रसिकांचं तीस वर्षांचं प्रेम उभं नव्हतं. त्यांना कुणी भामिनी म्हणून मनात जपून ठेवलेलं नव्हतं. ते रिकाम्या पाटीनं आले. बालगंधर्वांच्या पाटीवर आधीच इतकं गोड काही लिहिलेलं होतं की त्यावर एकनाथ लिहायला जागाच उरली नाही.

बालगंधर्वांनी आणखी एकदा प्रयत्न केला. १९३७च्या ‘साध्वी मीराबाई’त ते पुन्हा शालू नेसून पडद्यावर आले. दिग्दर्शक बाबूराव पेंटर, म्हणजे शांताराम-दामल्यांचे गुरू. तेव्हा माणूस कमी पडला असं म्हणायची सोय नाही. आता रसिकांना हवं होतं तेच दिलेलं होतं. तेही चाललं नाही. याचा अर्थ लोक दुटप्पी होते असा मी घेत नाही. त्यांना चित्रपटातले बालगंधर्व कोणत्याच वेषात नको होते. त्यांना हवी होती गंधर्व नाटक मंडळीची १९१५-२० सालची रात्र, आणि ती पुन्हा लागणार नव्हती. मग बालगंधर्व रंगभूमीवर परतले. गोहरबाई कर्नाटकी मंडळीत आल्या, स्त्रीभूमिका त्यांच्याकडं गेल्या. वय, आजारपण, ओढग्रस्त, तरी ‘देवा’ म्हणणारा तो माणूस दौरे करत राहिला आणि लोक येत राहिले, भक्तीनं आणि थोडे दयेनं. १९६२ साली पुणे महापालिकेनं त्यांच्या नावाच्या रंगमंदिराची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसवली. ते उघडलं २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जयंतीला. आदल्या वर्षीच्या जुलैत ते गेले होते.

प्रभात कंपनीचंही फार काळ टिकलं नाही. १९४२ साली शांताराम बाहेर पडले, १९४५ साली दामले वारले, १९५०च्या दशकाच्या आरंभी कंपनीचा कारभार आटोपला. एरंडवण्याच्या स्टुडिओत १९६० साली सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आली. बुधवार पेठेतलं चित्रपटगृह मात्र चालू राहिलं. कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारी वाजवणारी बाई पडद्यावरून गेली तरी इमारतीवर नाव राहिलं. दामले कुटुंबानं ते चालवलं आणि पुढं मराठी चित्रपटाचं पुण्यातलं हक्काचं घर अशी त्याची ओळख झाली. १९९१ साली ‘माहेरची साडी’ लागला तेव्हा तर इथं महिनोन्‌महिने बायकांची रीघ होती. समीक्षकांनी त्या चित्रपटाला नाकं मुरडली. डोळे पुसत बाहेर पडणाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती.

आणि २०११ साली एक गमतीची गोष्ट झाली. रवी जाधवांनी ‘बालगंधर्व’ काढला. सुबोध भाव्यांनी शालू नेसला, आनंद भाट्यांनी गळा दिला, आणि मराठी प्रेक्षकांनी पडद्यावर, जवळून घेतलेल्या दृश्यांत, स्त्रीवेषातला पुरुष डोळे भरून पाहिला. टाळ्याही वाजवल्या. जे १९३५ साली अशक्य होतं आणि १९३७ साली पडलं, ते पाऊणशे वर्षांनी जमलं, कारण आता खऱ्या बालगंधर्वांना पाहिलेलं माणूस सभागृहात क्वचितच उरलं होतं. तुलना करायला कुणी नव्हतं. प्रभातशी ठरलेल्या सहांपैकी एखादा चित्रपट असाच निघायला हवा होता, असं मला तो पाहताना वाटत राहिलं; तो निघाला, फक्त बालगंधर्वांशिवाय.

२०१४च्या डिसेंबरअखेर प्रभात बंद झालं. दिवाळखोरी नाही, आग नाही, महापालिकेची नोटीस नाही. भाडेकराराची मुदत संपली आणि दामल्यांनी वास्तू किब्यांना परत केली. ऐंशी वर्षांच्या संसाराचा निकाल इतका सरळ आणि कायदेशीर होता की रागवावं कुणावर हेच लोकांना कळेना. ‘आर्यन’च्या वेळी निदान बोट दाखवायला महापालिका होती. तिथंही जागेचा करारच संपला होता. १९८३ साली ते बंद झालं, पाडलं गेलं, आणि आता आर्यन म्हटलं की मंडईला आलेल्या माणसाला गाडी लावायची जागा आठवते. प्रभातच्या वेळी मालक आपली मालमत्ता घेत होता आणि भाडेकरू हसतमुखानं देत होता. मधल्या मध्ये पुणेकर पोरका झाला.

मग आठवणींचा पूर आला. वडिलांबरोबर पाहिलेला पहिला चित्रपट, शाळा बुडवून पाहिलेला दुसरा, लग्नानंतर पाहिलेला तिसरा. पुण्यात माणूस एकदा आठवणी सांगायला बसला की चहा निवतो. त्या खऱ्याच होत्या. पण त्या सांगणाऱ्यांतल्या किती जणांनी मागच्या पाच वर्षांत तिथं तिकीट काढलं होतं, असं विचारायचं धाडस कुणी केलं नाही, आणि ते बरंच झालं.

अमेरिकेत याहून विचित्र शोक झालेला आहे. २०१७ साली डिस्नेनं फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये, मेन स्ट्रीटवर, कॅन्सास सिटीच्या जुन्या विलिस वुड नाट्यगृहाच्या धर्तीवर एक थिएटर बांधण्याची घोषणा केली. चित्र दाखवलं. पुढं गाजावाजा न करता बेत गुंडाळला. एक वीटही रचली गेली नव्हती, तरी चाहते हळहळले, चिडले. आपल्याला हसू येईल, पण बुधवार पेठेला हसायचा हक्क नाही. ‘रामराज्यवियोग’च्या उरलेल्या अंकांसाठी आणि त्या पाच चित्रपटांसाठी हळहळणारे आपल्याकडंही आहेत, आणि मी त्यांतलाच. न उभारलेल्या थिएटरचं छत कधी गळत नाही, न लिहिलेला अंक कधी पडत नाही.

प्रभातची इमारत मात्र उभी होती आणि उभी आहे. २०१५ साली ती ‘किबे लक्ष्मी थिएटर’ या नावानं पुन्हा सुरू झाली. मराठी चित्रपट लागतात, हिंदी लागतात. नाव बदललं म्हणून नाराज होणारे पुष्कळ होते. जागा पहिल्यापासून किब्यांची होती आणि प्रभात हाच मुळात भाडेकरू, हे त्यांच्या गावीही नव्हतं. वास्तूवर हक्क किब्यांचा, नाव दामल्यांबरोबर गेलेलं. अप्पा बळवंत चौकात शाळेची पुस्तकं घ्यायला निघालेल्याला दुकानाचा पत्ता सांगताना लोक अजून ‘प्रभातच्या अलीकडं’ असंच म्हणतात, आणि त्यावर दोघांपैकी कुणाच्याच करारात हरकत घेतलेली नाही.